ख्रिस्तपुराण वाचायला घेताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बाबांनी ख्रिस्तपुराणाचा जाड ग्रंथ घरी आणला तेव्हा मी शाळेत होते. ते गेले, ग्रंथ माझ्याकडे आला आणि अकरा वर्षं कपाटात गीतपुस्तकांच्या खाली पडून राहिला. एका राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू होतो त्या दिवशी, कपाळावरची राख पुसली जायच्या आधी, मी तो बाहेर काढला. तेव्हापासून रविवारच्या मिस्सेनंतर चर्चच्या पायऱ्यांवर कोणी ना कोणी थांबवून विचारतं. काहींच्या घरी तो आहे पण उघडलेला नाही, काहींनी पहिली चार पानं वाचून ठेवून दिला. तेच तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवते आहे. मी अभ्यासक नाही, रोज वाचणारी आहे.

हा ग्रंथ नेमका काय आहे?

जगाच्या उत्पत्तीपासून येशूच्या स्वर्गारोहणापर्यंत आणि त्याही पुढे जाणारी, ओवीत बांधलेली मराठी कथा. रचली फादर थॉमस स्टीफन्स यांनी आणि पहिल्यांदा छापली गेली १६१६ साली, गोव्यात साष्टीतल्या रायतूर इथे. पहिल्या पुराणात जुना करार येतो : आदाम-एवा, नोहा, मोशे, दावीद, संदेष्टे. दुसऱ्या पुराणात ख्रिस्ताचा जन्म, शिकवण, चमत्कार, दुःखसहन आणि पुनरुत्थान. अध्यायाला इथे 'अवस्वरू' म्हणतात. पहिल्यात ३६ आणि दुसऱ्यात ५९, असे एकूण ९५ अवस्वरू. ओव्या १०,९६२. ज्ञानेश्वरीच्या ओव्या सुमारे ९,००० आहेत, म्हणजे आकारानं हा तिच्याहूनही मोठा.

लिहिणारा इंग्रज होता हे खरं का?

खरं. इंग्लंडच्या विल्टशर परगण्यात जन्मलेला, जेझुइट या कॅथलिक संघाचा पाद्री झालेला. लिस्बनहून निघून ऑक्टोबर १५७९ मध्ये गोव्यात उतरला आणि १६१९ मध्ये इथेच वारला. चाळीस वर्षं, आणि त्यातली बहुतेक साष्टीतल्या लोकांत. १५८३ मध्ये भावाला लिहिलेल्या पत्रात त्यानं इथल्या भाषांची ठेवण ग्रीक आणि लॅटिनसारखी वाटते असं नोंदवलं आहे. भाषाशास्त्रज्ञांनी हे नातं उलगडायच्या दोनशे वर्षं आधीची ही गोष्ट. त्याचं कोकणी व्याकरण त्याच्या मागे, १६४० मध्ये रायतूरलाच छापलं गेलं.

मला मात्र या सगळ्या माहितीपेक्षा एका गोष्टीचं राहून राहून नवल वाटतं. परका माणूस दुसऱ्याची भाषा कामापुरती शिकतो. बाजारात भाव करण्याइतकी, फार तर कबुलीजबाब ऐकण्याइतकी. या माणसाला तिच्यात प्रार्थना सुचायला लागली.

इतकी वर्षं ग्रंथ पडून होता. आता उघडायलाही संकोच वाटतो. काय करू?

हा प्रश्न लोक सगळ्यात हळू आवाजात विचारतात. विचारणाऱ्यांत बहुतेक ज्यांच्या आईवडिलांनी ग्रंथ जपला अशी माणसं असतात. मीही त्यांतलीच.

मी स्वतःला सांगत होते की वेळ नाही. खरं कारण भीती हे होतं. बाबांना जे कळत होतं ते मला कळणार नाही आणि मग त्यांच्याशी उरलेला एक धागाही तुटेल, अशी ती भीती. ती मनात असेल तर तिला वेळेच्या नावाखाली लपवू नका. देवापुढे तसंच म्हणा : 'प्रभू, मला भीती वाटली म्हणून मी हे उघडलं नाही.' एवढी प्रार्थना पहिल्या दिवसाला पुरते.

आणि या ग्रंथाला वाट बघायची सवय आहे. १६१६, १६४९ आणि १६५४ अशा त्याच्या तीन जुन्या आवृत्त्या निघाल्या. त्या तिन्हींतली एकही प्रत आजवर हाती लागलेली नाही. १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारनं स्थानिक भाषांच्या वापराविरुद्ध फर्मान काढलं. तरी लोकांनी हातानं नकला केल्या, गोव्याहून मंगळूरकडे गेलेल्यांनी त्या सोबत नेल्या, सणासुदीला वाचल्या. त्या हस्तलिखितांवरून १९०७ मध्ये जोसेफ सालढाणा यांनी मंगळूरला रोमन लिपीत तो पुन्हा छापला. दोन-अडीचशे वर्षं छापखान्याबाहेर राहून जो टिकला, त्याला तुमच्या कपाटातली अकरा किंवा वीस वर्षं जड नाहीत.

भाषा मराठी आहे की कोकणी? मला कळेल का?

मराठी, तीत कोकणी मिसळलेली. आणि ही मिसळण लेखकानं जाणून केलेली आहे. प्रस्तावनेत तो सांगतो की या देशातल्या भाषांमध्ये देवाच्या गोष्टी सांगायला मराठी योग्य वाटली, पण शुद्ध मराठी सामान्य लोकांना कळत नाही, म्हणून जुन्या कवींचे अवघड शब्द टाकले आणि 'ब्राह्मणांच्या भाषेतले', म्हणजे त्या काळच्या साष्टीतल्या कोकणीतले, सोपे शब्द जागोजागी मिसळले. चारशे वर्षांपूर्वी लेखकानं तुमच्या-माझ्या अडचणीचा विचार करून ठेवला आहे.

तरी पहिले आठ-दहा दिवस अडखळायला होतं. कोकणपट्टीत वाढलेल्यांना कमी, घाटावरच्यांना थोडं जास्त. मी वहीच्या मागच्या पानावर शब्द लिहीत गेले. 'उतर' म्हणजे शब्द. 'देखुनु' म्हणजे म्हणून. 'चोखळ' म्हणजे स्वच्छ, निर्भेळ. 'हरळ' म्हणजे खडे. 'दीपी' म्हणजे द्वीप, देश. दीडेकशे शब्द जमले आणि त्यानंतर वही उघडायची वेळ कमी कमी येत गेली. शब्द अडला तर पूर्ण ओवी आधी संपवा आणि मग मागे या. पुष्कळदा चौथा चरण तिसऱ्याचा अर्थ लावून देतो.

ओवी कशी वाचायची? मी मनात वाचते तर काहीच लक्षात राहत नाही.

मनात वाचू नका. माझं या सगळ्या प्रश्नांवरचं खरं उत्तर एवढंच आहे : हा ग्रंथ कानासाठी रचलेला आहे, तो मोठ्यानं वाचा. आपल्याकडे पडून राहिलेल्या बहुतेक प्रती मनात वाचायला घेतल्या म्हणून पडून राहिल्या आहेत.

सगळ्यांना ठाऊक असलेली ओवी घ्या. प्रतीप्रमाणे अक्षरं थोडी बदलतात.

जैसी हरळांमाजि रत्नकिळा ।
कि रत्नांमाजि हिरा निळा ।
तैसी भासांमाजि चोखळा ।
भासा मराठी ॥

किळा, निळा, चोखळा. तीन चरण एकाच यमकात येतात, चौथा आखूड असतो आणि यमक सोडतो. ज्ञानदेवांची ओवीही याच घडणीची. घरात आजी जात्यावर गात असेल तर तिच्या ओवीचं हे सख्खं नातं तुमच्या लगेच ध्यानात येईल. मोठ्यानं म्हणताना तिसऱ्या चरणानंतर आपोआप श्वास लागतो आणि चौथा चरण त्या श्वासावर खाली उतरतो. 'भासा मराठी' म्हणताना आवाज स्थिर होतो. हे डोळ्यांनी वाचून कळत नाही.

त्यातला 'ळ' पाहा. इंग्लंडात जन्मलेल्या माणसाच्या जिभेवर ळ नसतो. एका ओवीत तीन यमकं त्यानं ळवर बांधली आणि वर 'हरळांमाजि' आहेच. ही ओवी मी पहिल्यांदा मोठ्यानं म्हटली तेव्हा स्वयंपाकघरात एकटी होते. 'चोखळा'पाशी थांबले आणि तो ळ त्याला यायला किती दिवस लागले असतील, या विचारानं डोळे भरून आले.

चाल कोणतीही चालते. आम्ही उपवासकाळात दुःखसहनाची गाणी ज्या सुरात म्हणतो तो सूर मी लावला. गाता येत नसेल तर नुसता ठेका धरून वाचा.

कोणती प्रत घ्यावी?

देवनागरीत वाचायचं तर तीन प्रती समोर येतात. शांताराम बंडेलू यांनी १९५६ मध्ये पुण्याहून काढलेली, कॅरिदाद द्रागो यांची १९९६ ची, आणि फादर नेल्सन फाल्काव यांची २००९ ची. शेवटच्या प्रतीत मूळ ओव्यांबरोबर आजच्या मराठीत अर्थही आहे, म्हणून नव्यानं सुरुवात करणाऱ्याला मी तीच सुचवते. घरात आधीच एक प्रत असेल तर मात्र दुसरी शोधण्यात महिने घालवू नका. चांगली प्रत मिळेपर्यंत थांबते, असं म्हणत म्हणत आणखी दोन वर्षं जातात.

प्रतींमध्ये शब्द वेगळे का दिसतात?

कारण ग्रंथ दोन वाटांनी आपल्यापर्यंत आला. एक वाट रोमन लिपीची. पहिली छपाई रोमनमध्येच झाली, कारण छपाईसाठी देवनागरी अक्षरांचे खिळे तिथे नव्हते. स्टीफन्सना ते हवे होते. १६०८ मध्ये त्यांनी रोमला पत्र लिहून इथल्या लिपीत छापायची परवानगी मागितली होती. तसं घडलं नाही आणि मराठीतला एवढा मोठा ग्रंथ मराठीच्या अक्षरांवाचून छापला गेला. ही गोष्ट मला अजून सलते.

दुसरी वाट देवनागरी हस्तलिखिताची. विल्यम मार्सडन यांच्या संग्रहातून ते लंडनला पोचलं आणि १९२०च्या दशकात अमेरिकन मिशनरी जस्टिन अॅबट यांनी ते उजेडात आणलं. मराठी संतांच्या चरित्रांचे इंग्रजी अनुवाद करणारे अॅबट ते हेच. या हस्तलिखितात पुष्कळ ठिकाणी लॅटिन-पोर्तुगीज वळणाच्या शब्दांऐवजी संस्कृत वळणाचे शब्द आहेत. दोन प्रती शेजारी ठेवून वाचणाऱ्याला त्यात फार गोडी वाटेल. रोजच्या वाचनासाठी एकच धरा.

पहिल्या पानापासूनच सुरुवात करावी का?

नमनाच्या ओव्या पहिल्या पानावरच्याच घ्या. त्या चुकवू नयेत.

वो नमो विश्वभरिता ।
देवा बापा सर्वसमर्था ।
परमेस्वरा सत्यवंता ।
स्वर्गपृथ्वीच्या रचणारा ॥

'देवा बापा' हे दोन शब्द मी कित्येक दिवस पुढे जाऊ न देता तिथेच धरून बसले होते. 'विश्वभरिता' असं भव्य संबोधन झाल्यावर लगेच 'बापा'. मराठी कीर्तनात देवाला माउली म्हणण्याची जी जवळीक आहे, तीच इथे आहे.

नमन झालं की मग वर्षाचा काळ पाहा. नाताळच्या तयारीचा आगमनकाळ चालू असेल तर दुसऱ्या पुराणाचा आरंभ काढा आणि नाताळपर्यंत जन्मकथेशी या. उपवासकाळ असेल तर अनुक्रमणिकेतून दुःखसहनाचे अवस्वरू शोधा. मी तसंच केलं. त्या आठवड्यांत चर्चमध्ये क्रूसाची वाट, म्हणजे येशूच्या दुःखसहनाचे टप्पे आठवत केलेली प्रार्थना, चालते, शुक्रवारी शुभवर्तमान ऐकू येतं, आणि घरी तीच कथा ओवीत येते, त्यामुळे भाषा अडली तरी प्रसंग हात धरून पुढे नेतो. ऐन पावसाळ्यात सुरुवात करणार असाल तर पहिलं पुराण धरा. नोहाचा जलप्रलय कौलांवर पाऊस वाजत असताना वाचायची मजा वेगळी आहे.

क्रमानं सगळं वाचणं दुसऱ्या फेरीत होईल.

रोज किती वाचावं?

हिशेब सरळ आहे. रोज ३० ओव्या वाचल्या तर ग्रंथ साधारण एका वर्षात संपतो. रोज १० वाचल्या तर तीन वर्षांत. मी दहापासून सुरुवात केली, आता वीस-पंचवीसपर्यंत आले आहे. सावकाश मोठ्यानं वाचल्या तर तीस ओव्यांना दहा-बारा मिनिटं लागतात. घरात म्हातारी माणसं असतील तर त्यांना ऐकायला बोलवा आणि एका बैठकीत एक अवस्वरू घ्या. सरासरी ११५ ओव्या, म्हणजे पाऊण तास.

मध्येच खंड पडला तर?

पडेल. माझा आमच्या घरातल्या आजारपणात दोन महिने पडला. राहिलेल्या ओव्यांची बाकी काढू नका. रोजच्या तीस धरल्या तर साठ दिवसांचे अठराशे झाले, असा हिशेब मी एका रात्री मांडला आणि ग्रंथ पुन्हा कपाटात जाता जाता वाचला. जिथे खूण आहे तिथून पुढची एक ओवी वाचा. देवानं तुमच्याकडे हजेरीपट मागितलेला नाही.

'वैकुंठ', 'पुराण', 'गुरू' असे शब्द ख्रिस्ती भक्तीच्या ग्रंथात कसे?

आमच्यातल्या काही जुन्या मंडळींना हे खटकतं, आणि त्यांचं खटकणं मी हसण्यावारी नेत नाही. पण ग्रंथाची सुरुवात कशी होते ते पाहा. धर्मशिक्षण चालू असताना एक बाप्तिस्मा घेतलेला ब्राह्मण उठून पाद्री गुरूंना म्हणतो की आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी आम्हाला वाचायला का देत नाही? त्या प्रश्नाला हा ग्रंथ हेच उत्तर आहे. विचारणाऱ्याच्या कानाला जे शब्द पवित्र होते त्याच शब्दांत त्याला उत्तर मिळालं. स्वर्गासाठी त्याच्याकडे वैकुंठ हा शब्द होता, म्हणून कवीनं तोच घेतला आणि पुढच्या ओव्यांमधून त्यात ख्रिस्ताचं राज्य भरलं.

आणि नुसते शब्दच कशाला, ओवी हा छंदच त्या परंपरेतून आलेला आहे. तो बाजूला काढला तर ख्रिस्तपुराण उरत नाही.

ज्या काळात देवळं पाडली गेली त्या काळातला हा ग्रंथ. वाचताना मन अडखळतं. काय करावं?

अडखळू द्या. हा प्रश्न पडतो त्याला ग्रंथ नीट कळतो आहे.

घडलं ते असं. गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, १५६० मध्ये बसलं. साष्टीतली देवळं १५६० च्याच दशकात पाडली गेली. जुन्या धर्माची पुस्तकं ठेवायला बंदी आली. वर सांगितलेला ब्राह्मण 'बंद केलीत' म्हणतो त्यामागे एवढं सगळं आहे. १५८३ च्या जुलैत साष्टीतल्याच कुंकळ्ळी गावच्या लोकांनी पाच जेझुइटांना ठार केलं. अकबराच्या दरबारी राहून नुकतेच परतलेले रुडॉल्फ आक्वाविवा त्यांत होते. त्यांची प्रेतं ताब्यात घेऊन दफन करण्याचं काम थॉमस स्टीफन्स यांच्याकडे आलं. पुढे कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांना बोलणीच्या मिषानं असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून मारण्यात आलं.

हे सगळं ज्यानं जवळून पाहिलं त्या माणसानं त्यानंतर तेहतीस वर्षांनी हा ग्रंथ छापला. त्याच्या मनात काय चाललं असेल ते मी सांगू शकत नाही. तो त्या पोर्तुगीज सत्तेचा भाग होता हेही खरं, आणि त्या सत्तेनं ज्या लोकांची पुस्तकं काढून घेतली त्यांच्या हातात त्यांच्याच भाषेतलं पुस्तक त्यानं ठेवलं हेही खरं. जुन्या देवदेवतांना मूर्तिपूजा म्हणून झिडकारणाऱ्या ओव्याही यात आहेत. त्या आल्या की मी आवाज न चढवता वाचते आणि नंतर थोडा वेळ गप्प बसते. माझ्या शेजारणीच्या देवघरातला दिवा मला त्या वेळी दिसत असतो. तिच्यासाठी प्रार्थना करते, आणि तिच्या पूर्वजांचं जे गेलं त्यासाठी क्षमा मागते. त्या पानांवरून घाईनं पुढे जाणं मला बरोबर वाटत नाही.

आम्ही प्रॉटेस्टंट आहोत. आम्ही वाचावं का?

जरूर. मरिया मातेची स्तुती आणि कॅथलिक परंपरेतले काही प्रसंग तुमच्या उपासनेत नसतील. तिथे तुमचे पाळक काय म्हणतात ते विचारून घ्या. बाकी कथा तुमच्या बायबलातलीच आहे. तुमच्याकडेही या वळणाचं मोठं धन आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 'ख्रिस्तायन' ओवीत सुरू केलं, १९१९ मध्ये ते गेल्यावर लक्ष्मीबाईंनी पुढे नेलं. ज्यांना जुनी भाषा फारच जड जाते त्यांनी आधी ख्रिस्तायनातले काही अध्याय वाचून कान तयार करावा आणि मग तीनशे वर्षं मागे यावं. नवरा गेल्यावर त्याचं अर्धवट काव्य हातात घेणारी बाई डोळ्यांपुढे आली की आपलं कपाट उघडणं तितकंसं अवघड वाटत नाही.

हिंदू वाचकही विचारतात. त्यांना मी इतकंच सांगते की तुमच्या ओवीचं हे एक घर आहे, या.

बायबलऐवजी हे वाचलं तर चालेल का?

नाही. शेजारी बायबल ठेवा. मी अवस्वरू संपला की शुभवर्तमानातला तोच उतारा काढते, बहुधा फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या 'सुबोध बायबल'मधून, कारण ती आजची आणि ओघवती मराठी आहे. शुभवर्तमान दोन वाक्यांत सांगतं ते स्टीफन्स वीस ओव्यांत फुलवतात. काय पवित्र शास्त्रातलं आणि काय कवीच्या भक्तीतलं हे त्यानं स्पष्ट होतं, आणि दोन्हींची गोडी वाढते.

मुलांना सोबत घेता येईल का?

येईल, पण अर्थ समजावत बसू नका. चौथा चरण त्यांना म्हणू द्या. तीन तुम्ही, चौथा त्यांनी. माझी भाची सात वर्षांची आहे, तिला 'भासा मराठी' इतकं आवडलं की आता प्रत्येक ओवीच्या शेवटी तेच म्हणते.

हे वाचन प्रार्थना होतं का? मला तर भाषेचा अभ्यास केल्यासारखं वाटतं.

सुरुवातीला अभ्यासच होतो. सगळं लक्ष शब्दात असतं. प्रार्थना कधी सुरू झाली हे मला नेमकं सांगता येणार नाही, पण ती कशी लक्षात आली ते सांगते. बसमध्ये उभी होते, गर्दी होती, कोणीतरी पायावर पाय दिला आणि तोंडातून आलं, 'देवा बापा सर्वसमर्था'. घरी कधी पाठ केली नव्हती ती ओवी.

मग वाचनाच्या शेवटी एक सवय लावली. त्या दिवसाच्या ओव्यांतली एकच निवडायची, तीनदा म्हणायची, आणि तिच्यात ज्याचं नाव बसेल त्याच्यासाठी मागायचं. रोगी बरा झाला अशी ओवी असेल तर आमच्या वाडीतल्या आजारी माणसासाठी. वाट चुकलेल्याची असेल तर घर सोडून गेलेल्या कोणासाठी. कधी काहीच सुचत नाही, तेव्हा ओवी नुसती म्हणते आणि दिवा मालवते.

ग्रंथात खुणा कराव्यात का? वडिलांची प्रत आहे, हात धजत नाही.

शिसपेन्सिलीनं करा. बाबांनी केल्या होत्या. एका ठिकाणी समासात नुसती उभी रेघ आहे, शब्द नाही. त्या ओवीत त्यांना काय सापडलं हे मला कळलेलं नाही, पण ती ओवी मी इतर कुठल्याही ओवीपेक्षा जास्त वेळा वाचली आहे. तुमच्या मागून वाचणाऱ्याला तुमची रेघ लागेल.

आज रात्रीच सुरुवात करायची तर नेमकं काय करू?

ग्रंथ काढा, कोरड्या फडक्यानं पुसा. पानं चिकटली असतील तर ओढू नका, सावकाश सोडवा. दूरचित्रवाणी बंद. घरातल्या आल्तारापुढे, म्हणजे वेदीपुढे, किंवा जेवणाच्या मेजावर बसा, कुठेही. क्रूसाची खूण करा. नमनाच्या पहिल्या दहा ओव्या मोठ्यानं वाचा, चुकत वाचा. मग खूण ठेवून मिटा.

खुणेसाठी मी बाबांचीच खूण वापरते. ग्रंथ उघडला तेव्हा दुसऱ्या पुराणात, येशूच्या यरुशलेम प्रवेशापाशी, झावळ्यांच्या रविवारचा ताडपात्याचा छोटा क्रूस सापडला, वाळून तपकिरी झालेला. आमच्याकडे हे क्रूस वर्षभर देवापाशी ठेवतात आणि राखेच्या बुधवारच्या आधी चर्चमध्ये परत देतात, त्यांचीच जाळून राख करतात. हा एक त्यांनी परत दिला नव्हता. सध्या तो पहिल्या पुराणात आहे, मोशे समुद्रापाशी पोचला आहे तिथे.